अनुभवी अधिकाऱ्यांची शाळा

लष्करी शिक्षण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सतरा-अठरा वर्षांचे कॅडेट, पहाटेची परेड आणि खांद्यावर पहिला तारा लागण्याचा दिवस येतो. त्या शिक्षणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र गेली काही वर्षे दुसऱ्याच एका शाळेचे कुतूहल वाटत आले आहे. या शाळेतला विद्यार्थी तिशीच्या आसपासचा किंवा ती ओलांडलेला असतो, त्याने काही वर्षे नोकरी केलेली असते, शंभर-सव्वाशे जवानांची कंपनी सांभाळलेली असते, आणि क्वचित त्याच्या छातीवर पदक व अंगावर जखमेचा व्रणही असतो. अशा माणसाला त्याच्या पलटणीतून उचलून एक, दोन, कधी तीन वर्षांसाठी पुन्हा वर्गात बसवतात, त्याला गृहपाठ देतात आणि त्याच्या उत्तरांवर शेरे मारतात. ज्याने प्रत्यक्ष गोळीबार पाहिला आहे, त्याला वर्गात नव्याने काय शिकवायचे, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता आणि त्याचे उत्तर शोधता शोधताच हा विषय मनात रुतून बसला.

आधी नावांचा घोळ सांगतो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. इंग्रजी वळणाच्या सैन्यांमध्ये अकादमी म्हणजे कॅडेटांची संस्था आणि अनुभवी अधिकाऱ्यांच्या संस्थेला स्टाफ कॉलेज किंवा वॉर कॉलेज म्हणतात. रशियन परंपरेत हे बरोबर उलटे आहे. तिथे कॅडेट ‘उचिलिश्चे’मध्ये, म्हणजे लष्करी विद्यालयात शिकतो, आणि अकादमी हा शब्द मुख्यतः काही वर्षे सेवा झालेल्या अधिकाऱ्यांच्या उच्च शिक्षणासाठी राखलेला असतो. एका सोव्हिएत सेनानीने पस्तिशीत अकादमीत प्रवेश घेतल्याचे वाचून, हा गृहस्थ इतक्या उशिरा सैन्यात कसा आला, असा प्रश्न मी बराच काळ मनात बाळगला होता.

या संस्थांच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ बहुतेक अभ्यासक प्रशियापासून करतात, आणि ते योग्यच आहे. 14 ऑक्टोबर 1806 रोजी येना आणि आउअरश्टेट येथे नेपोलियनच्या सैन्याने प्रशियाची वाताहत केली. या पराभवातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की प्रशियाच्या सेनापतींकडे अनुभवाची मुळीच कमतरता नव्हती. सरसेनापती ब्रन्सविकचा ड्यूक 71 वर्षांचा होता आणि फील्ड मार्शल म्योलेनडोर्फ 82 वर्षांचा. फ्रेडरिक द ग्रेटच्या लढायांमध्ये वाढलेली ही माणसे होती. त्यांनी ज्या प्रकारचे युद्ध पाहिले होते त्या प्रकारचे युद्ध ते उत्तम लढले असते. समोर आलेले युद्ध मात्र वेगळ्या वेगाचे आणि वेगळ्या मांडणीचे होते. ब्रन्सविकच्या हाताखाली स्टाफप्रमुख म्हणून काम करणाऱ्या शार्नहोर्स्टने हे सगळे जवळून पाहिले, आणि त्याच्या पुढाकाराने चारच वर्षांनी, ऑक्टोबर 1810 मध्ये, बर्लिनमध्ये अधिकाऱ्यांसाठी उच्च शिक्षणाची संस्था उघडली. पुढे तिलाच ‘क्रीग्सअकाडेमी’ हे नाव मिळाले. क्लाउजेविट्स 1818 ते 1830 अशी बारा वर्षे तिचा संचालक होता. पण त्याच्याकडे फक्त प्रशासन होते, अभ्यासक्रमावर त्याचा अधिकार चालत नव्हता. जगातला सर्वांत प्रसिद्ध युद्धविचारवंत एका युद्धशाळेचा प्रमुख असूनही तिथे काय शिकवावे हे ठरवू शकत नव्हता, आणि उरलेल्या वेळात तो अखेरपर्यंत अपुरा राहिलेला आपला ग्रंथ लिहीत बसत असे. याच काळात, 1823 ते 1826 दरम्यान, पुढे प्रशियाचा नामवंत सेनानी झालेला मोल्टके तिथे विद्यार्थी होता.

अनुभव पुरेसा का नसतो, याचे उत्तर मला येनाच्या उदाहरणातून अर्धे मिळाले. उरलेले अर्धे अधिक साधे आहे. कंपनी चालवणारा कॅप्टन आपली माणसे नावानिशी ओळखतो, समोरची टेकडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याचा हुकूम काही मिनिटांत अमलात येतो. डिव्हिजनच्या कमांडरला यातले काहीच उपलब्ध नसते. दहा-पंधरा हजार माणसे, शेकडो वाहने, मोजकेच रस्ते, प्रत्येक तासाला जुनी होत जाणारी बातमी, आणि आज दिलेल्या हुकुमाचा परिणाम उद्या किंवा परवा दिसणार, अशी त्याची स्थिती असते. कॅप्टनच्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव म्हणजे डिव्हिजनच्या कामाचा थोडासा अनुभव, असे गणित मांडता येत नाही, कारण ही दोन कामे मुळातच वेगळ्या जातीची आहेत. आणि डिव्हिजन हाताळण्याचा सराव खऱ्या डिव्हिजनवर करायचा तर त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते. म्हणून या संस्थांमध्ये विद्यार्थ्याला त्याने कधीही न भूषवलेल्या पदावर, त्याच्या हुद्द्यापेक्षा दोन पायऱ्या वर, कागदावर बसवतात.

पद्धत देशोदेशी थोडी बदलते, पण गाभा सारखाच आहे. नकाशा, एक परिस्थिती, शत्रूविषयी अपुरी आणि काही वेळा चुकीची माहिती, आणि मर्यादित वेळ. विद्यार्थी परिस्थितीचे मूल्यमापन लिहितो, निर्णय घेतो, त्याचे हुकूम तयार करतो; त्यानंतर शिक्षक परिस्थिती बदलतो. पूल उडाला, राखीव दल दुसरीकडे ओढले गेले, इंधन सहा तास उशिरा येणार. संध्याकाळी चर्चा होते आणि तिच्यात एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो: हा निर्णय का घेतला? प्रशियाच्या परंपरेने यात ‘स्टाफ राइड’ची भर घातली, अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष रणभूमीवर फिरायचे आणि नकाशावर सोपी दिसणारी चढण घोड्याला किती जड जाते ते पाहत निर्णय सांगायचे. 1824 मध्ये राइसविट्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने नकाशावर ठोकळे मांडून खेळायची युद्धक्रीडा जनरल स्टाफच्या, म्हणजे साऱ्या सैन्याच्या मोहिमा आखणाऱ्या मध्यवर्ती अधिकारीमंडळाच्या, प्रमुखाला दाखवली, तेव्हा सुरुवातीला अनुत्सुक असलेला तो जनरल, हा खेळ नसून युद्धाचीच तालीम आहे, असे उद्गारला, ही हकिकत सर्वश्रुत आहे.

या वरच्या पायरीवर बसण्याच्या कल्पनेवरून फ्रान्समधला एक प्रसंग आठवतो. 1870 च्या पराभवानंतर फ्रान्सनेही आपले उच्च युद्धविद्यालय काढले होते आणि 1922 ते 1924 या काळात शार्ल द गॉल तिथे विद्यार्थी होता. एका सरावात त्याला संपूर्ण कोअरचा, म्हणजे अनेक डिव्हिजनच्या समूहाचा, कमांडर नेमले होते. शिक्षक कर्नल मोयरां याने त्याला एका रेजिमेंटच्या पुरवठ्याच्या गाड्या कुठे आहेत असा प्रश्न विचारला. द गॉलने शांतपणे आपल्या सहाध्यायी स्टाफप्रमुखाकडे पाहून त्याला उत्तर द्यायला सांगितले, आणि मोयरां संतापल्यावर, कोअरची जबाबदारी माझ्यावर टाकली असताना हाताखालच्यांची कामेही मीच करू लागलो तर माझे काम करायला डोके मोकळे राहणार नाही, अशा आशयाचे उत्तर दिले, असे सांगतात. मोयरांने त्याच्या शेऱ्यात हद्दपार राजासारख्या वागण्याचा उल्लेख केला आणि गुणही हात राखून दिले. मला यात दोघेही थोडे बरोबर वाटतात. द गॉलला पदाचा अर्थ नेमका कळला होता. पण ज्याला आपल्या गाड्या कुठे आहेत हे सांगता येत नाही त्याची मोहीम बहुधा तिथेच अडते, हे मोयरांलाही ठाऊक होते.

अमेरिकेच्या नौदलाने 1884 मध्ये न्यूपोर्ट येथे वॉर कॉलेज काढले, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथली जमिनीवर आखलेली युद्धक्रीडेची पटे हीच त्या संस्थेची खरी प्रयोगशाळा झाली. पॅसिफिकमध्ये जपानविरुद्ध लढायची मोहीम तिथे पुनःपुन्हा खेळली गेली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकन ताफ्याचा प्रमुख असलेला चेस्टर निमित्झ 1922-23 च्या तुकडीत होता. जहाजांच्या लांबलचक रांगांऐवजी मुख्य नौकांभोवती वर्तुळाकार रचना करण्याची कल्पना त्याच्या एका सहाध्यायाने याच पटावर मांडली, निमित्झने ती समुद्रावर नेऊन वापरून पाहिली, आणि पुढे विमानवाहू नौकांच्या ताफ्यांची ती नेहमीची रचना झाली. युद्धानंतर निमित्झने असे नमूद केले की, अखेरच्या टप्प्यातले कामिकाझे, म्हणजे जपानी वैमानिकांचे आत्मघाती हल्ले सोडले तर युद्धात घडलेली जवळजवळ कोणतीही गोष्ट त्यांना अनपेक्षित नव्हती, इतक्या बाजूंनी ती आधी खेळून झाली होती. यातला नम्रपणाचा आणि संस्थाप्रेमाचा भाग वजा केला तरी बरेच शिल्लक राहते.

सोव्हिएत व्यवस्थेकडे मी सर्वाधिक वेळ दिला आहे, कारण या कल्पनेला इतक्या टोकाला नेऊन अमलात आणलेले दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. इतर देशांमध्ये प्रत्येक दलाचे एखादे स्टाफ कॉलेज आणि त्यावर राष्ट्रीय पातळीची एखादी संस्था, एवढ्यावर भागत होते. सोव्हिएत संघाने जवळजवळ प्रत्येक शाखेला स्वतंत्र अकादमी दिली. सर्वसाधारण भूदल कमांडरांसाठी मॉस्कोतली फ्रुन्झे अकादमी होती; तिची सुरुवात 1918 मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत झाली. रणगाडादलासाठी 1932 मध्ये वेगळी अकादमी निघाली. विमानदलाच्या अभियंत्यांसाठी झुकोव्स्की अकादमी होती आणि विमानदलाच्या कमांडरांसाठी मॉस्कोजवळच्या मोनिनो येथे 1940 पासून आणखी एक. तोफखान्याच्या जुन्या अकादमीकडे पुढे क्षेपणास्त्रदलाचे शिक्षण आले. संदेशवहन, रसद व वाहतूक, नौदल, वैद्यकीय सेवा आणि राजकीय अधिकारी, या सर्वांची आपापली अकादमी होती. अंतराळात जाऊन आलेला युरी गागारिन हा याच रांगेत पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला. 1961 मध्ये जगभर कीर्ती मिळाल्यानंतर तो झुकोव्स्की अकादमीत दाखल झाला, फेब्रुवारी 1968 मध्ये त्याला पदविका मिळाली आणि मार्चमध्ये विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. मोनिनोच्या अकादमीला त्याच वर्षी त्याचे नाव देण्यात आले.

या सगळ्यांच्या वर 1936 मध्ये जनरल स्टाफ अकादमी उभी राहिली. शाखांच्या अकादम्यांमध्ये अधिकारी आपापल्या विद्येत खोल उतरायचा. इथे मात्र रणगाडे, विमाने, तोफा आणि रेल्वे यांचा एकत्रित विचार करणारी माणसे घडवायची होती. शाखेनुसार अकादमी काढण्यातला धोका या उतरंडीतूनच उघड होतो. तीन वर्षे फक्त रणगाडादलाच्या लोकांत काढलेल्या मेजरला पायदळाचा प्रश्न परका वाटू लागतो. तो दोष पुसायला वर आणखी एक संस्था लागते, आणि तिथे पोहोचेपर्यंत बहुतेक जण मागे राहिलेले असतात. रणगाड्यांची अकादमी आणि फ्रुन्झे अकादमी यांचे 1998 मध्ये एकत्रीकरण झाले, त्यामागे पैशाची टंचाई असेलच, पण लढाईच्या दृष्टीनेही ते फार आधी व्हायला हवे होते, असे माझे मत आहे.

जनरल स्टाफ अकादमीच्या पहिल्या तुकडीत वासिलेव्स्की, अंतोनोव, बाग्राम्यान आणि वातुतिन अशी नावे होती. पैकी पहिले दोघे महायुद्धात एकापाठोपाठ एक जनरल स्टाफचे प्रमुख झाले आणि उरलेल्या दोघांनी फ्रंट, म्हणजे अनेक सेनांचे मिळून बनलेले मोठे सैन्यसमूह, सांभाळले. एवढ्यावरून अकादमीचे माहात्म्य सिद्ध झाले असे कोणी म्हणू लागले, तर त्याला त्याच युद्धातला सर्वांत नामांकित सोव्हिएत सेनानी झुकोव याचे नाव सांगावे लागेल. झुकोवने घोडदळाचे आणि वरिष्ठ कमांडरांचे अल्पमुदतीचे वर्ग केले होते, पण अकादमीचा पूर्ण अभ्यासक्रम त्याने कधीच केला नाही. तरीही 1942 च्या शरद ऋतूत स्तालिनग्रादच्या प्रतिआक्रमणाची आखणी करायला झुकोव आणि वासिलेव्स्की हे दोघे एकत्र बसले. एक रणांगणावर वाढलेला, दुसरा नकाशापुढे घडलेला. याच्या दुसऱ्या टोकाला चापायेव. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या या धडाडीच्या कमांडरला 1918 च्या अखेरीस अकादमीत पाठवले, आणि तो काही आठवड्यांतच कंटाळून आघाडीवर परत गेला. पुढल्या सप्टेंबरात शत्रूने त्याच्या मुख्यालयावर अचानक छापा घातला आणि त्यात तो मारला गेला. वर्गात बसून राहिला असता तर वाचला असता, असे म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही.

या संस्थांची मूळ कमाई विचारांमध्ये होती. झारच्या सैन्यातला माजी जनरल आणि नंतर लाल सैन्याचा शिक्षक असलेला अलेक्सांद्र स्वेचिन याने 1920 च्या दशकात आपल्या व्याख्यानांमध्ये ‘ऑपरेशनल आर्ट’ ही संकल्पना मांडली. एका लढाईचे डावपेच आणि साऱ्या युद्धाची रणनीती यांच्यामध्ये एक पातळी असते. तिथे अनेक लढाया, रसदीचे थांबे आणि विश्रांतीचे दिवस एका मोहिमेत गुंफावे लागतात आणि त्या गुंफणीची स्वतंत्र कला आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. आज बहुतेक सैन्ये ही पातळी गृहीत धरतात, पण शतकापूर्वी तिला नावही नव्हते. एखाद्या अधिकाऱ्याला हा विचार केवळ नोकरी करत असताना सुचला असता का, याविषयी मला शंका आहे. निरनिराळ्या आघाड्यांवरून आलेल्या माणसांना एका खोलीत बसवून आपापल्या मोहिमा उलगडून पाहायला लावल्यावरच अशी पातळी दिसते.

मात्र असा विचार मांडायला जी मोकळीक लागते, तीच या संस्थांमध्ये सर्वांत आधी संपते. संस्था पराभवातून जन्मते तेव्हा प्रश्न विचारणे तिच्या रक्तात असते. काही वर्षांनी तिची पदवी बढतीची किल्ली ठरते, प्रवेशपरीक्षेसाठी लोक दिवसरात्र घोकंपट्टी करू लागतात, आणि वर्गात स्वतःचे उत्तर शोधण्यापेक्षा शिक्षकाला अपेक्षित असलेले उत्तर ओळखण्याकडे कल झुकतो. राष्ट्रकुलातल्या सैन्यांमध्ये यासाठी ‘डीएस सोल्यूशन’ असा शब्दच रूढ आहे. डीएस म्हणजे डायरेक्टिंग स्टाफ, अर्थात शिक्षक अधिकारी. त्यांनी आधी तयार ठेवलेले उत्तर. ते चर्चेची सुरुवात म्हणून वापरले तर उपयुक्त असते. चर्चेचा शेवट म्हणून वापरले की पुढच्या तुकडीला ते आधीच पाठ असते.

जपानच्या लष्करी महाविद्यालयात हा आजार अगदी उघड दिसतो. 1883 मध्ये वर्ग सुरू झाले आणि 1885 मध्ये मेकेल हा प्रशियाचा अधिकारी तिथे शिक्षक म्हणून आला. पदवीधरांना एक विशेष बिल्ला मिळत असे; तो एकोणिसाव्या शतकातल्या तेन्पो काळातल्या जुन्या नाण्यासारखा दिसायचा, म्हणून तो लावणाऱ्यांना त्या नाण्याच्याच नावाने ओळखत. बिल्ला असलेले आणि नसलेले यांच्यातली असूया इतकी वाढली की अखेर 1936 मध्ये बिल्लाच रद्द करावा लागला. शिक्षणात आक्रमक डावपेचांना मोठा मान होता आणि रसदीकडे दुय्यम काम म्हणून पाहिले जाई. 1944 मध्ये याच संस्थेचा पदवीधर मुतागुची याने सुमारे तीन आठवड्यांचा शिधा देऊन आपल्या डिव्हिजन इंफाळ आणि कोहिमाच्या डोंगरांत उतरवल्या. पुढचे अन्न शत्रूच्या कोठारांतून मिळेल असे गृहीत धरले होते. कोठारे हाती लागली नाहीत. परतीच्या वाटेवर उपासमारीने आणि रोगांनी मेलेल्यांची संख्या प्रचंड होती. मोयरांचा तो गाड्यांविषयीचा प्रश्न इथे किती मोलाचा ठरला असता, हे वेगळे सांगायला नको.

सोव्हिएत अकादम्यांमध्ये मोकळीक संपली ती वेगळ्या रीतीने. आक्रमणापेक्षा दीर्घकाळ झिजवण्याच्या रणनीतीला महत्त्व देणाऱ्या स्वेचिनवर लाल सैन्यातला वरिष्ठ सेनानी तुखाचेव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1931 च्या सुमारास विचारसरणीच्या नावाखाली झोड उठवली. युद्धशास्त्रातला मतभेद राजकीय गुन्ह्याच्या भाषेत मांडण्याचा पायंडा असा पडला आणि तो पाडणारेही त्यातून सुटले नाहीत. जून 1937 मध्ये तुखाचेव्स्कीला आणि जुलै 1938 मध्ये स्वेचिनला गोळ्या घालण्यात आल्या. अकादम्यांमधले अनेक शिक्षक नाहीसे झाले, त्यांची पुस्तके कपाटांतून काढली गेली आणि उरलेल्यांनी नकाशापुढे बोलताना शब्द मोजायला सुरुवात केली.

जनरल स्टाफ अकादमीत ऑपरेशनल आर्ट शिकवणारा गिओर्गी इसेरसोन या लाटेतून त्या वेळी वाचला. 1939 च्या पोलंड मोहिमेचा अभ्यास करून त्याने 1940 मध्ये असे लिहिले की, आता युद्धाची रीतसर घोषणा आणि मग सावकाश जमवाजमव असा क्रम राहणार नाही. जमवाजमव गुपचूप आधीच पूर्ण झालेली असेल आणि पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने घाव बसेल. जून 1941 च्या सुरुवातीला त्याला अटक झाली. 22 जूनला जर्मन सैन्य सरहद्द ओलांडून आत घुसले. त्याने ज्यांना नकाशापुढे उभे करून प्रश्न विचारले होते ते विद्यार्थी पुढची चार वर्षे फ्रंट आणि सेना चालवत होते, आणि तो छावणीत होता. 1955 मध्ये त्याची सुटका झाली. साठच्या दशकात त्याने लष्करी इतिहासाच्या नियतकालिकात तीसच्या दशकातल्या ऑपरेशनल आर्टच्या सिद्धांताची जडणघडण कशी झाली यावर लेख लिहिले. तोवर त्या वर्गातले बरेच विद्यार्थी मार्शल झालेले होते.